संस्थेच्या ज्येष्ठ अध्यक्षांनी बाजूला व्हायचं ठरवलं, तर आधी काय सोडायचं? (सोलापूर)

बाळीवेसकर

सोलापुरात शाळा चालवणाऱ्या संस्था, समाजाची वसतिगृहं, वाचनालयं, पतसंस्था आणि उत्सव मंडळांच्या मध्यवर्ती समित्या भरपूर आहेत. त्यातल्या कितीतरी ठिकाणी ज्यांनी पदरमोड करून काम उभं केलं, तेच पंचाहत्तरी-ऐंशीतही सगळा भार वाहतायत. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणूनच हा धागा काढतोय. त्यांना मानाने मोकळं करायचं तर ते कसं, याची नीट माहिती एका जागी मिळत नाही.

मला वाटतं गडबड क्रमात होते. आधी सत्कार, भाषणं आणि राजीनामा होतो, आणि मग सह्या, चाव्या, पावत्या यांची शोधाशोध सुरू होते. खरं तर राजीनामा सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी सही, मग कागद, मग माणसांच्या ओळखी, आणि हे नव्या हातात गेल्यावर पद. माझ्या मते या सगळ्याला वर्ष ते दीड वर्ष धरावं.

वेळ आली हे वयाच्या आकड्यावरून ओळखू नये, खुणा कामात दिसतात. हात थरथरतो म्हणून बँकेतून ‘सही जुळत नाही’ या शेऱ्याने चेक परत येऊ लागतात. मागच्या सभेचं इतिवृत्त दोन-दोन सभा मंजूरच होत नाही. मुदतठेवीच्या पावत्या कुठे आहेत हे एकट्या अध्यक्षांनाच ठाऊक असतं. शिपायाच्या रजेपासून रंगाच्या कोटेशनपर्यंत प्रत्येक कागद सकाळी त्यांच्या घरी जातो. आणि सगळ्यात वाईट खूण म्हणजे सभेत कुणी काही विचारेनासंच होतं.

कायदा, बँक आणि घरची बाजू, तिन्हींवर जाणकारांनी लिहावं.

परिशिष्ट_एक

अण्णा, क्रमाचं अगदी बरोबर. कायद्याची बाजू मांडतो.

आपल्याकडच्या बहुतेक शिक्षणसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालीही नोंदलेल्या असतात आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही. म्हणून दोन नोंदणी क्रमांक. दुसरा ‘एफ’ने सुरू होतो. विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळ बदललं की कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, परिशिष्ट ३ च्या नमुन्यात दाखल करायचा. तो मंजूर झाला की परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्त नोंदवहीत, नवी नावं चढतात. ९० दिवस उलटले तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. कारण पटण्यासारखं हवं, आणि खर्चाची रक्कमही भरावी लागू शकते.

२०१७ च्या दुरुस्तीपासून विश्वस्तांच्या नावातला बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता मान्य करून ३० दिवसांची हरकतीची नोटीस काढता येते. हरकत आली नाही तर तीच मान्यता कायम होते. कागद चोख असतील तरच हा सोपा रस्ता. अर्ज कुठे अडकतात ते लिहितो, कारण सगळा वेळ तिथेच जातो.

पहिली अडचण जुन्या अर्जांची. परिशिष्ट १ चा उतारा काढला की कळतं, त्यावर अजून १५-२० वर्षांपूर्वीची नावं आहेत, त्यातले काही दिवंगत. मधल्या दोन-तीन निवडणुकांचे अर्ज भरलेच नाहीत किंवा पडून आहेत. मधला दुवा तुटलेला असला की आजच्या अर्जावर प्रश्न येतो, ‘ज्यांनी सभा बोलावली त्यांना अधिकार कुठून आला?’ म्हणून बाजूला व्हायचं मनात आलं की पहिलं काम ताज्या उताऱ्यासाठी अर्ज. जुने अर्ज मार्गी लावायला मावळत्या अध्यक्षांची सही आणि आठवण दोन्ही लागतात. ते धडधाकट असतानाच हे उरकावं.

दुसरी अडचण नोटिशीची. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) ‘१५ दिवस आधी लेखी सूचना’ असेल तर १५ दिवसच, आणि पाठवल्याचा पुरावाही हवा. नोटीस वहीवर प्रत्येकाची तारखेसह सही किंवा स्पीड पोस्टाच्या पावत्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं यावर भिस्त ठेवू नका.

तिसरी सभासद यादी. मतदानाचा हक्क कुणाला, वर्गणी कुठवर भरली, हे नोंदवहीत दिसलं पाहिजे. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरवली, तर तशी मुभा घटनेत आहे का ते आधी बघा.

अर्जासोबत लागतं ते असं: मूळ राजीनामा, सभेची नोटीस, हजेरी, ठरावाची खरी नक्कल, नव्या माणसांची संमतीपत्रं आणि ओळख-पत्त्याचे पुरावे, आणि माहिती देणाऱ्या विश्वस्ताचं शपथपत्र. जाणाऱ्या अध्यक्षांचंही ‘मी स्वेच्छेने पद सोडले, या बदलास माझी हरकत नाही’ असं शपथपत्र आधीच करून ठेवा. चौकशीत त्यांना नोटीस निघू शकते. पंच्याऐंशीच्या माणसाला तारखेसाठी बाकावर बसवून ठेवणं कुणालाच शोभत नाही.

राजीनाम्यावरची तारीख त्यांच्याच हातची असावी, दोन साक्षीदार असावेत. अध्यक्षांचा राजीनामा ज्या सभेत मंजूर होतो तिथे उपाध्यक्षांनी सभा चालवावी.

जुळे_सोलापूर

एक शंका. अध्यक्षपद सोडलं, पण विश्वस्त म्हणून राहिले, तरी बदल अर्ज लागतो का?

परिशिष्ट_एक

नव्या अध्यक्षांचं नाव त्या पदावर लागायचं असेल तर लागतो. ‘माणसं तीच, फक्त पदं बदलली’ म्हणून बऱ्याच संस्था सोडून देतात. पुढे बँक उतारा मागते, त्यावर जुने अध्यक्ष, आणि काम थांबतं.

आजीव विश्वस्त असतील तर आणखी एक. २०२५ च्या दुरुस्तीने आजीव विश्वस्तांच्या संख्येवर एकूण विश्वस्तांच्या एक-चतुर्थांशाची मर्यादा आणली आहे. आपल्या घटनेतल्या शब्दांना ती कशी लागू पडते हे वकिलाला घटना दाखवूनच ठरवा. ऐकीव माहितीवर ठराव करू नका.

होटगीरोड_लेखा

बँकेची आणि लॉगिनची बाजू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘आजपासून तात्काळ’ असा राजीनामा. नवी सही बँकेत चढवायला ठराव, केवायसी, नमुना सही आणि बहुतेक वेळा परिशिष्ट १ चा नवा उतारा किंवा बदल अर्जाच्या आदेशाची नक्कल मागतात. तोवर जुने अध्यक्ष सही करत नाहीत, नव्यांची सही चालत नाही. वसतिगृहाचा किराणा, विनाअनुदानित तुकड्यांचे पगार, वीजबिल, सगळं अडकतं.

उपाय सोपा आहे, पण आधी करायचा. अध्यक्ष पदावर असतानाच जो पुढे येणार आहे (तो आधीपासून विश्वस्त हवा), त्याची सही तिसरी म्हणून चढवा. ठरावात ‘अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त श्री. अमुक यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने’ असं लिहा. मग सहा महिने चेकवर बाकीचे दोघं सह्या करतील, अध्यक्षांनी फक्त महिन्याचा जमाखर्च बघायचा. त्यांचं नाव कार्डवरून शेवटी काढलं तर एक दिवसही खातं बंद पडत नाही.

हात थरथरतो म्हणून काही जण अंगठ्याचा विचार करतात. वैयक्तिक खात्यासाठी, आजारी किंवा वृद्ध खातेदाराला दोन साक्षीदारांपुढे अंगठा देता येतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असतो. संस्थेचं खातं त्यावर चालवू नका. तिथे सही करणारा माणूस बदलणं हाच मार्ग.

आता फोन. हा विषय कुणी काढत नाही आणि सगळं इथेच अडतं. संस्थेच्या पॅनचं आयकर पोर्टल, टॅन (टीडीएसचा क्रमांक), भविष्य निर्वाह निधी, जीएसटी असेल तर ते, दर्पण पोर्टल (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं), नेट बँकिंग, या सगळ्यांचे ओटीपी अध्यक्षांच्या वैयक्तिक मोबाइलवर येतात. तो मोबाइल नातवाकडे, नातू पुण्याला. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी ओटीपीसाठी फोनाफोनी. संस्थेच्या नावाने एक सिम घ्या, ते कार्यालयात ठेवा, संस्थेचा एक ईमेल काढा आणि एकेक लॉगिन त्यावर वळवा. आयकर पोर्टलवर मुख्य संपर्क आणि अधिकृत स्वाक्षरीकर्ता बदलायचा. डिजिटल सहीचं टोकन व्यक्तीच्या नावाचं असतं. जुनं टोकन नव्या अध्यक्षांनी ‘चालतंय तोवर’ वापरणं साफ चूक. नवीन घ्या, नोंदवा, जुनं परत करा.

आयकर सवलतीसाठीच्या १२एबी आणि ८०जी नोंदणीची मुदत कधी संपते तेही बघा. नूतनीकरणाची तारीख आणि पदबदल एकाच महिन्यात आले तर अर्ज कुणाच्या सहीने जाणार याचा घोळ होतो. पदबदल सहा महिने अलीकडे घ्या किंवा पलीकडे.

बाळीवेसकर

मुदतठेवींचंही लिहा.

होटगीरोड_लेखा

हो. जुन्या पावत्यांवर ‘अमुक संस्था तर्फे अध्यक्ष श्री. ...’ असं व्यक्तीचं नाव छापलेलं असतं. काही ठिकाणी तर नुसतं व्यक्तीचंच. दुसरा प्रकार ताबडतोब दुरुस्त करा. ते हयात असताना एका अर्जावर होणारं काम नंतर वारसांच्या दारात जातं, आणि वारस सज्जन असले तरी बँकेला कागद लागतातच.

यादी करताना एक मोठी वही घ्या. प्रत्येक पानावर एक गोष्ट: ठेव, लॉकर, विमा, मीटर, भाडेकरू, चालू दावा. पानावर चार ओळी: मूळ कागद कुठे, नाव कुणाचं, मुदत कधी, पुढे विचारायचं कुणाला. अध्यक्षांजवळ बसून भरायची. रोज तासभर पुरे, दुपारी नको, सकाळी. जागेच्या उताऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर वहिवाटदार म्हणून जुनं नाव असेल तर तेही निघतं. कोर्टातल्या दाव्यात विश्वस्त म्हणून त्यांचं नाव असेल तर नव्यांचं नाव लावून घ्यायला वकिलांना सांगा आणि वकीलपत्रही नवं करा.

तोंडी शब्दांसाठी शेवटी दोन पानं कोरी ठेवा. ‘त्या गाळेधारकाला भाडं वाढवणार नाही म्हणून सांगितलंय’, ‘त्या देणगीदाराच्या आईचं नाव खोलीला द्यायचंय’. हे कुठल्याच फाइलीत नसतं. नव्या मंडळाने नकळत तो शब्द मोडला की लोक म्हणतात, जुन्यांचा मान राखला नाही.

चाटीगल्ली

भागीदारीतल्या पेढ्यांचंही घ्या. चादर-टॉवेलचे कारखाने, कापडाची दुकानं यांत वडील किंवा काका मुख्य भागीदार असतात. ‘आता पोरं बघतील’ असं तोंडी ठरतं आणि कागदावर काहीच होत नाही.

१९३२ च्या भागीदारी कायद्यात निवृत्त भागीदाराने जाहीर नोटीस दिली नाही, तर पेढीच्या पुढच्या व्यवहारांचीही जबाबदारी तिऱ्हाइताच्या दृष्टीने त्याच्यावर राहते. नोंदलेल्या पेढीची नोटीस म्हणजे फर्म्सच्या रजिस्ट्रारला कळवणं, राजपत्रात प्रसिद्धी आणि स्थानिक भाषेतल्या एका वृत्तपत्रात प्रसिद्धी. निवृत्तीचा करार स्टँप पेपरवर, त्यात भांडवलाचा हिशेब कुठल्या तारखेचा, रक्कम किती हप्त्यांत, गाळा कुणाच्या नावाचा, सगळं स्पष्ट. जीएसटीत भागीदार बदलल्याची दुरुस्ती १५ दिवसांत टाकायची.

सगळ्यात महत्त्वाचं, कॅश क्रेडिटला, म्हणजे पेढीच्या खेळत्या भांडवलासाठीच्या बँक कर्जाला, वडिलांची वैयक्तिक हमी आणि राहतं घर तारण असतं. भागीदारी सोडली म्हणून हमी सुटत नाही. बँकेला लेखी अर्ज करून, नव्या भागीदाराची हमी देऊन, जुनी हमी मुक्त केल्याचं पत्र हातात घ्या. ते पत्र येईपर्यंत निवृत्ती अर्धीच. ऐंशीव्या वर्षी घरावर जप्तीची नोटीस येण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

सांगोलेकर

राजकारणात कागद कमी आणि माणसं जास्त, पण क्रमाचा मुद्दा तोच. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण गणपतराव देशमुखांचं. सांगोल्यातून १९६२ पासून ११ वेळा आमदार, २०१४ लाही निवडून आले. २०१९ ला स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि अवघ्या ७६८ मतांनी हरले. गणपतराव आबा २०२१ मध्ये गेले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख तिथून निवडून आले.

मला यातून दिसतं ते असं की लोकांनी माणसावर टाकलेला विश्वास एका निवडणुकीत दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. ज्याला पुढे आणायचं त्याने निदान एक पूर्ण मुदत गावोगाव आपल्या नावाने कामं करायला हवीत, आणि त्या काळात ज्येष्ठांनी स्टेजवर मागच्या रांगेत बसायला हवं. उमेदवारीच्या महिन्यात ओळख करून देणं उशिराचं ठरतं. घराबाहेरचा माणूस असेल तर आणखी लवकर.

संपादक मंडळ

सांगोलेकर, मुद्दा विषयाला धरून आहे, राहू देतो. बाकीच्यांनी पक्षांवर जाऊ नये ही विनंती.

वसुंधरा_सो

तुम्ही सगळ्यांनी कागदांचं फार छान लिहिलंत. मी बोलण्याबद्दल लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी हे बोलायचं कुणी, हाच पेच असतो.

सभेत कधीही काढू नये. चार लोकांसमोर विषय निघाला की ज्येष्ठांना तो अविश्वास वाटतो आणि ते घट्ट धरून बसतात. दोघांनी जावं, तिघं नकोत. एक त्यांच्या वयाच्या जवळचा, एक असा की ज्याला स्वतःला पद नको आहे. जो पुढे अध्यक्ष होणार, त्याने त्या बैठकीला जाऊ नये. घरी काकू असतील तर आधी त्यांना माहीत असावं. पुष्कळदा घरच्यांना केव्हाचं वाटत असतं, फक्त बाहेरून कुणी बोललेलं नसतं.

‘तुम्ही आता थांबा’ असं म्हणू नये. ‘संस्थेच्या सगळ्या ठेवी आणि दावे तुम्हालाच माहीत आहेत, ते आम्हाला लिहून द्या’ इथून सुरुवात करावी. लेखा सरांनी सांगितलेली ती वही भरता-भरता निम्मे जण स्वतःच तारीख काढतात. तारीख त्यांनीच निवडावी. जूनमधला शाळेचा पहिला दिवस, वर्धापनदिन, असं काही. ती लिहून घ्यावी आणि दोघा-तिघांनाच सांगावी. लवकर जाहीर केली की शिक्षक-शिपाई त्यांच्याकडे जायचे थांबतात, आणि तो काळ फार एकटा असतो.

आणखी एक, कान तपासून घ्या. सभेत विषय कळत नाही, भलतंच उत्तर येतं, हे पुष्कळदा बहिरेपणाने होतं आणि लोक ‘आता डोकं चालत नाही’ म्हणून मोकळे होतात. अंगावर काटा येतो असं ऐकलं की. कानयंत्र, पंख्याच्या आवाजापासून दूर खुर्ची, सकाळी ११ ची सभा, विषयपत्रिका मोठ्या अक्षरात. एवढं केल्यावर जे अध्यक्ष आणखी दोन वर्षं उत्तम काम करू शकतात त्यांना उगाच उठवू नका.

आणि ज्यांना पुढे यायचंय त्यांनीही तयारी करावी. सिद्धेश्वरांच्या यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली मानाची उंच काठी, पेलण्याचा सराव होतो, अक्षता सोहळ्याच्या दिवशी कुणी पहिल्यांदा काठीला हात लावत नाही. इथेही अंदाजपत्रक एका वर्षी नव्या माणसाने मांडावं, अध्यक्षांनी शेजारी बसावं. शिक्षणाधिकारी कार्यालयात दोघांनी मिळून जावं, बोलायचं नव्याने.

जुळे_सोलापूर

ताई, मग त्यांना ‘मार्गदर्शक’ किंवा ‘संस्थापक अध्यक्ष’ म्हणून ठेवावं का? आमच्याकडे यावर दोन तट आहेत.

परिशिष्ट_एक

घटनेत असं पद नसेल तर ठरावाने मान द्या, पण तो अधिकार नव्हे हे ठरावातच लिहा: मतदानाचा हक्क नाही, सहीचा नाही, सभा बोलावण्याचा नाही. ‘मार्गदर्शकांच्या संमतीने’ हे शब्द कुठल्याही ठरावात येता कामा नयेत. पुढे वाद झाला तर अधिकार नक्की कुणाचा, हे त्या दोन शब्दांवर लढलं जातं.

वसुंधरा_सो

पदापेक्षा काम द्या. संस्थेचा इतिहास लिहून घेणं, माजी विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार, शिष्यवृत्ती कुणाला द्यायची त्या समितीत एक जागा. बसायला एक खोली द्या, पण अध्यक्षांच्या केबिनला लागून नको. लोक जुन्या सवयीने आधी तिथे जातात आणि नव्या माणसाच्या टेबलावर काहीच येत नाही. पहिले सहा महिने मंडळाच्या सभेला त्यांनी येऊ नये हे मी स्पष्ट सांगेन. नवा अध्यक्ष बोलायच्या आधी सगळ्यांची नजर त्यांच्याकडे जाते.

बाळीवेसकर

सहा महिने मला जास्त वाटतात. पहिल्या अंदाजपत्रकाला त्यांनी असावं. नवीन मंडळाला देणगीदार ओळखत नसतात, आणि त्या एका सभेत ते समोर दिसले की वर्षभराचा धीर येतो.

वसुंधरा_सो

मग तेवढीच एक सभा, आणि बोलावणं नव्या अध्यक्षांनी करावं. एवढं मान्य.

पतपेढी_नोंद

सहकाराचं थोडक्यात. नागरी सहकारी बँकेच्या संचालकाला सलग किती वर्षं राहता येतं यावर बँकिंग नियमन कायद्याची मर्यादा आहे. ती ८ वर्षांची होती, १ ऑगस्ट २०२५ पासून १० झाली. पतसंस्थेला तो कायदा लागू नाही. तिथे समितीची मुदत ५ वर्षं, पण पुन्हा निवडून यायला बंधन नाही, म्हणून तिथेच पंचवीस-तीस वर्षं एक चेहरा दिसतो. उपविधीत सलग दोन मुदतींची अट घालायची तर उपविधी दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत करून निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते. निवडणुकीच्या तोंडावर आणू नका, मग तो एका माणसाविरुद्धचा ठराव वाटतो. निवडणूक झाल्यावर पहिल्याच वर्षी आणा, आणि मोजणी पुढच्या मुदतीपासून धरा.

जुळे_सोलापूर

शेवटचं विचारतो. अध्यक्ष अंथरुणाला खिळलेत, ओळखही नीट पटत नाही, राजीनामा दिलेला नाही. तेव्हा काय?

परिशिष्ट_एक

तेव्हा त्यांचा हात धरून सही घेऊ नका. अशा राजीनाम्यावर हरकत आली की सगळा बदल अर्ज संशयात येतो, आणि घरच्यांनाही ते आयुष्यभर बोचतं. आधी घटना बघा. ‘सलग तीन सभांना गैरहजर’ किंवा ‘काम करण्यास असमर्थ’ अशी तरतूद बहुतेक नियमावलींत असते. तिच्याप्रमाणे नोटीस आणि ठराव करून उपाध्यक्षांकडे कार्यभार द्या. घटनेत काहीच नसेल तर कलम ४७ आहे: विश्वस्त शारीरिकदृष्ट्या असमर्थ झाला तर नवा विश्वस्त नेमण्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करता येतो. वैद्यकीय दाखला जोडा, घरच्यांना विश्वासात घेऊन. मंडळाची मुदतच संपलेली असेल तर निवडणूक कोणी घ्यायची यासाठी कलम ४१अ खाली निर्देश मागा, परस्पर सभा बोलावू नका.

बँकेत दुसऱ्या दोन सह्या आधीच चालू असतील तर या सगळ्याला वेळ लागला तरी संस्थेचं काम अडत नाही. तुमच्याकडे सध्या किती सह्या नोंदलेल्या आहेत, आणि ठरावात ‘कोणत्याही दोघांच्या’ असं आहे की ‘अध्यक्ष आणि सचिव’ असं, ते उद्या बँकेत बघून इथे लिहा. पुढचं त्यावर ठरेल.